नोटीस चिकटवायला दार लागतं

मावशीच्या दारावर नोटीस चिकटवली तेव्हा मावशी कापूस वेचायला गेली होती. दार टिनाचं. खळ पातळ. संध्याकाळी वारा सुटला, नोटीस उडाली, नालीत पडली. पोरांनी तिची नाव केली. मावशीला वाचता येत नाही, म्हणून कागद दारावर राहिला काय नि नालीत गेला काय, तिच्या लेखी एकच. पण कचेरीतल्या फायलीत दुसरा कागद लागला. त्यावर लिहिलं होतं, नोटीस बजावली. खाली पंचांच्या सह्या. आठव्या दिवशी माणसं आली, घण आले, न्हाणी पाडून गेले.

मी तेव्हा मुंबईत धक्क्यावर होतो. पाळी सुटली आणि फोन आला.

“माही न्हाणी पाडली रे बाप्पा त्याईनं. आता मी आंग कुठी धुऊ?”

एवढंच बोलली. रडली नाही. साठीची बाई आता पहाटे चारला उठते. अंधार असेपर्यंत आंघोळ उरकते. उजाडल्यावर नाही.

गावाचं नाव छापत नाही. वऱ्हाडातलं आहे एवढं पुरे. नाव छापलं तर बाकीची गावं म्हणतील, आम्ही नाही त्यातले. आणि आम्हाला तर सगळ्या गावांबद्दल बोलायचं आहे. हे संपादकीय त्या न्हाणीचं आहे.

आपल्यातलेच काही दोस्त म्हणतील, न्हाणी नालीवर होती ना? मग अतिक्रमण झालं. कायदा तो कायदा. हे दोस्त शिकलेले आहेत, क्वार्टरमध्ये राहतात, बाल्कनीला काचा लावून त्यांनी खोली केली आहे. ती बाल्कनी बंद करायला परवानगी घेतली होती का, असं विचारलं की ते चहा मागवतात.

म्हणून आधी कायदा काय आहे तेच बघू. शिव्या नंतर देऊ. शिव्यांना वेळ लागत नाही.

घराबाबतचे गुन्हे तसे थोडेच. परवानगी न घेता बांधणं. परवानगी दोन मजल्यांची, बांधले तीन. बाजूला सोडायची जागा न सोडणं. गॅलरी, जिना, ओटा रस्त्यावर काढणं. राहायच्या घरात दुकान, गोदाम, कारखाना घालणं. संडासाची टाकी न बांधता नळी सरळ गटारात सोडणं. भोगवटा प्रमाणपत्र न घेता राहायला जाणं. मोडकळीस आलेली भिंत तशीच ठेवणं. झालं. गावोगावच्या नगरपालिकांच्या नोटिशी बहुतेक याच सात-आठ गोष्टींभोवती फिरतात.

आपल्या तालुक्याच्या गावांना लागू आहे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आणि १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा. मुंबईत १८८८ चा महापालिका कायदा अजून चालतो. काम चालू असेल तर तिथे कलम ३५४अ, बांधून झालं असेल तर ३५१. रीत सगळीकडे सारखीच. कोणी तक्रार करतो, नाहीतर अभियंता फिरताना बघतो. जागेची पाहणी. पंचनामा. कारणे दाखवा नोटीस. सुनावणी. आदेश. मग पाडणं, आणि पाडायचा खर्चही घरमालकाकडून वसूल. म्हणजे तुमचं घर तुमच्याच पैशानं पाडतात. दुसरा रस्ता आहे दंड आणि खटला. तिसरा रस्ता नियमित करण्याचा. पैसे भरा, नकाशा द्या, बसत असेल तर नियमात बसवून घ्या.

आता गोम इथे आहे. पहिला रस्ता कोणाचा आणि तिसरा कोणाचा?

मावशीच्याच गल्लीत, तोंडाशी, तीन मजली माडी आहे. गॅलरी रस्त्यावर आलेली. संडासाची नळी त्याच नालीत सोडलेली, जिच्यावर मावशीची न्हाणी होती. नाली तुंबते ती न्हाणीच्या पाण्यानं नाही. माडीवाल्यालाही नोटीस गेली होती. त्यानं माणूस लावला, उत्तर दिलं, पैसे भरले. गॅलरी तिथंच आहे. तिच्यावर आता कुंड्या आहेत.

नियमित करण्याचे दरवाजे या राज्यात कमी नाहीत. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची घरं त्यानं नियमात घेतली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. २०१७ साली नगररचना कायद्यात कलम ५२अ घातलं. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची विनापरवाना बांधकामं शुल्क घेऊन पदरात घ्यायची, असा त्याचा अर्थ. पिंपरी-चिंचवडमध्ये बेकायदा घरांवर दुप्पट कराची शास्ती लावली. लोक वर्षानुवर्षं ओरडले, मोर्चे काढले, शेवटी २०२३ साली ती माफ झाली. आम्ही त्या लोकांच्या विरुद्ध नाही. त्यातही आपल्यासारखे पुष्कळ. आम्ही एवढंच म्हणतो, की हे सगळे दरवाजे कागदाचे आहेत. खरेदीखत दाखवा, नकाशा दाखवा, शुल्क भरा. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनं तर १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटवर परवानगी सोपी करून टाकली. फार चांगलं. पण प्लॉट नावावर पाहिजे. आणि आपली वस्ती कुठे आहे? नझुलावर. नालीच्या काठी. गावाच्या उताराला, जिथं गावाचं पाणी वाहून येतं. तिथं आपण हौसेनं गेलो नाही. गावानं आपल्याला तिथं बसवलं. आधी गावाबाहेर बसवलं, मग गाव वाढत वाढत आपल्याजवळ आलं, आणि आता म्हणतात, तुम्ही मध्ये आलात.

कागदाचा हा खेळ अंजनगाव सुर्जीला नवा नाही. इतिहासाच्या पुस्तकात आमचं गाव आहे ते एका तहासाठी. ३० डिसेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथं करार झाला आणि कुठला मुलूख कोणाचा ते ठरलं. त्या मुलखात राबणाऱ्याला कोणी विचारलं नाही. त्याचं नाव त्या कागदावर नव्हतं. आजच्या कागदावर तरी कुठं आहे?

मुंबईचंही बघा. १८९६ साली प्लेग आला, आमच्या गोदीला लागून असलेल्या मांडवीत. १८९८ साली सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रोगट घरं पाडायची, मोकळे रस्ते करायचे. पाडण्याचा हात चालला भराभर, बांधण्याचा चालला हळू. जे उठले ते शेजारच्या गल्लीत दाटीनं घुसले. पुढे त्याच ट्रस्टनं बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या तसल्याच एका चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. स्वच्छतेचा नियम गरिबाच्या घरावर घण होऊन येतो, आणि त्याला छप्पर देताना मात्र वर्षं मोजतो. ही रीत तेव्हापासूनची.

१९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवाल्यांना उचलून मुंबईबाहेर घालवायचा हुकूम काढला. झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये कोंबली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला. १० जुलै १९८५ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. आपल्या लोकांनी पेढे वाटावे असं वाक्य. पण त्याच निकालानं म्हटलं, की फुटपाथ अडवता येणार नाही, पालिकेला काढायचा अधिकार आहे. फक्त पावसाळा संपू द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. १९७६ च्या गणनेत ज्यांना कार्ड मिळालं त्यांना दुसरी जागा. तेव्हापासून मुंबईत गरीब माणसाला जात, धर्म आणि तारीख अशा तीन गोष्टी असतात. तू १९७६ चा, तू १९८५ चा, तू १९९५ चा, तू २००० चा, तू २०११ चा. एका दिवसानं चुकला तो माणूस नव्हे, अतिक्रमण.

आता दोन तारखा सांगतो. दोन्ही १३ नोव्हेंबर.

१३ नोव्हेंबर २०१३. वरळीचं कॅम्पा कोला कंपाऊंड. परवानगी पाच-सहा मजल्यांची आणि एक इमारत चढली वीस मजले. बिल्डरनं फसवलं, लोकांनी स्वस्तात घेतलं, वर्षानुवर्षं राहिले. कोर्टानं मजले बेकायदा ठरवले. त्या दिवशी पालिकेची माणसं फाटक तोडून आत शिरली. सगळ्या टीव्हीवर तेच. बायका रडत होत्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, घर जाताना कोणाचंच रडणं खोटं नसतं. ते पाहून सुप्रीम कोर्टानं त्याच दिवशी स्वतःहून स्थगिती दिली, ३१ मे २०१४ पर्यंत. साडेसहा महिने.

मावशीचं रडणं टीव्हीवर आलं नाही. ती रडलीच नाही म्हणा.

१३ नोव्हेंबर २०२४. सुप्रीम कोर्टाचा बुलडोझर निकाल. आरोपी म्हणून, सूड म्हणून, रातोरात घरं पाडायची जी फॅशन देशात निघाली होती तिच्यावर हा निकाल. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन. गवई आपल्या अमरावतीचे, रा. सू. गवईंचे चिरंजीव. त्यांचं मूळ गाव दारापूर, आपल्या शेजारच्या दर्यापूर तालुक्यातलं. आपल्याला अभिमान वाटला, वाटणारच. निकालात काय आहे ते प्रत्येक पोरानं पाठ करावं. नोटीस दिल्याशिवाय पाडायचं नाही. मुदत स्थानिक कायद्यातली किंवा १५ दिवस, यातली जी जास्त असेल ती. नोटीस रजिस्टर पोस्टानं, शिवाय घराच्या बाहेरून लावायची. मागची तारीख घालता येऊ नये म्हणून लगेच जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयाला ईमेलनं कळवायचं. काय बेकायदा, कशामुळं बेकायदा, ते नोटिशीत लिहायचं. समोरासमोर सुनावणी घ्यायची, तिची नोंद ठेवायची. आदेशात सांगायचं, की पाडण्यावाचून दुसरा इलाज का नाही. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस. पाडताना व्हिडिओ काढायचा. आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायची.

वाचून छाती फुगते. पुढचं वाचलं की हवा जाते. हे सगळं लागू नाही, जर बांधकाम रस्त्यावर, फुटपाथवर, रेल्वेच्या रुळालगत, नदीत किंवा पाण्याच्या जागेवर असेल.

दोस्तहो, ही यादी पुन्हा वाचा. रस्ता. फुटपाथ. रूळ. नदी. नाला. आपला पत्ता दुसरा कुठला आहे?

म्हणजे ज्याला भिंत आहे, दार आहे, पोस्टमन ज्याचं नाव ओळखतो, त्याला १५ अधिक १५ दिवस. ज्याचं घर नालीवर, त्याला टिनावर चिकटवलेला कागद आणि आठवा दिवस. रस्ता मोकळा पाहिजे, नदी मोकळी पाहिजे, हे आम्हालाही कळतं. पूर आला की पहिलं घर आमचंच वाहतं. पण मोकळं करताना माणूस कुठं जाणार याचा एक कागद आधी का नाही? सगळ्यात जास्त संरक्षण ज्याला पाहिजे त्याच्याच डोक्यावरची छत्री काढली, याला काय म्हणायचं? आणि एक सांगून ठेवतो. यादीत नाव नाही म्हणजे विचारायचा हक्कच नाही, असं कोणी अधिकारी म्हणाला तर त्याला १९८५ चा निकाल दाखवा. रस्त्यावरचं विनानोटीस काढायची मुभा मुंबईच्या कायद्यात आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे, ऐकून न घेणं हा अपवाद आणि ऐकून घेणं हा नियम, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

आता उलटी बाजू. नियमच नको असं म्हणणारा आमच्यात कोणी असेल तर त्यानं माझ्याबरोबर डॉकयार्ड रोडला यावं. २७ सप्टेंबर २०१३, सकाळी, बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली. ६१ माणसं मेली. इमारत महापालिकेची. राहणारे महापालिकेचेच कामगार आणि त्यांची पोरंबाळं. तळमजल्याच्या गोदामात विनापरवाना फेरफार केल्याचा आरोप झाला, अटका झाल्या. मी तेव्हा शाळेत होतो, वऱ्हाडात. आज त्याच बाजूनं कामाला जातो. बाबू गेनू विलायती कापडाच्या ट्रकखाली मेला १९३० साली. त्याच्या नावाच्या इमारतीखाली ६१ जण मेले, आणि ती इमारत तपासायची होती कोणी? जे दुसऱ्याला नोटीस पाठवतात त्यांनी. त्याच वर्षी ४ एप्रिलला शीळफाट्याला लकी कंपाऊंड पडलं. बांधता बांधता पडलं. ७४ मेले, त्यात बांधणारे मजूर आणि त्यांची लेकरं. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही आत गेले. मजले चढताना त्यांना दिसले नव्हते काय? दिसले होते. दिसण्याचे पैसे नसतात, न दिसण्याचे असतात.

म्हणून आम्ही नियमाचे वैरी नाही. नियम नसला की मरतो तो आपला माणूस. गवंडी आपला, बिगारी आपला, भाडेकरू आपला. भिंत कोणावर पडायची ते भिंत ठरवत नाही, भाडं ठरवतं.

आणि नियम दोन्ही बाजूंनी असतो. नगरपरिषदेच्या कायद्यात कलम ४९ आहे. नाल्या, संडास, सफाई, दिवाबत्ती ही पालिकेची कर्तव्यं तिथं लिहिलेली आहेत. मावशीच्या गल्लीत नाली उघडी, दिवा बंद, सार्वजनिक संडासाला दार नाही. हे उल्लंघन नव्हे? याची नोटीस कोण कोणाच्या दारावर चिकटवणार? आमच्या तालुक्यातल्या शेंडगावचा एक माणूस हातात खराटा घेऊन गाव झाडत फिरला. गाडगेबाबा. धर्मशाळा बांधल्या दुसऱ्यांसाठी, स्वतःला झोपडी बांधली नाही. त्याचं नाव घेऊन अभियान काढतात, बक्षिसं वाटतात. त्यानं आधी गाव झाडलं, मग लोकांना शब्द सुनावले. हे आधी न्हाणी पाडतात, नाली झाडायला येतच नाहीत.

थोडं आपल्यालाही. वस्तीतले काही दादा नझुलाचे तुकडे पाडून विकतात. घेणारा कोण? काल खेड्यातून आलेला आपलाच नातेवाईक. नोटीस आली की दादा गायब. काही जण ओटा वाढवत वाढवत गल्ली एवढी अरुंद करतात की आग लागली तर बंब शिरत नाही, बाळंतिणीला खाटेवर न्यावं लागतं. हेही अतिक्रमण आहे, आणि ते पालिकेच्या जागेवर नाही, शेजाऱ्याच्या जिवावर आहे. जयंतीच्या कमानीला वर्गणी जमते, गल्ली चार हात रुंद ठेवायला एकमत होत नाही. लाज वाटली पाहिजे. मला वाटते.

मग करायचं काय? कविता करून न्हाणी उभी राहत नाही. मी करून पाहिली.

दर रविवारी विहारात एक तास नोटीस वाचायची. ज्याच्या घरी कागद आला त्यानं आणावा, दहावी झालेल्या पोरानं मोठ्यानं वाचावा. तारीख, कलम, मुदत वहीत लिहावी. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावं आणि पोच घ्यावी. पोच नाही तर उत्तर नाही. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस असेल तर मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज कलम ४४ खाली करता येतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवर घर पाडता येत नाही. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, रेशनकार्ड, मतदार यादी, पोराचा शाळेचा दाखला, हे पन्नीत बांधून ठेवा, पत्र्याखाली नाही. २०१८ साली सरकारनं शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरं नियमात घ्यायचं धोरण काढलं. आपल्या भाषेत पट्टे. तुमच्या वस्तीचे अर्ज कुठं अडकले ते विचारा.

वकील परवडत नाही म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न न बघता. तालुक्याच्या कोर्टात समिती असते. मावशी दोन्हीत बसते, तरी तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. माझ्याकडे शब्द पुष्कळ होते, हा एक नव्हता.

आणि दहा रुपयांचा माहितीचा अर्ज करा. २००५ चा कायदा, तीस दिवसांत उत्तर. विचारा, पाच वर्षांत किती नोटिशी काढल्या, कोणत्या वॉर्डात, किती पाडल्या, किती नियमित केल्या. उत्तर आलं की गावाच्या नकाशावर टिंबं लावा. पाडल्याची टिंबं कुठं पडतात आणि नियमित केल्याची कुठं, ते बघा. तो नकाशा म्हणजे तुमच्या गावाची जातगणना. शिवाय कलम ४४ म्हणतं, नगरसेवकानं किंवा त्याच्या घरच्यानं बेकायदा बांधलं तर त्याचं पद जातं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याचं कलम ४४ बरं का, वरचं वेगळं. आपल्या नगरसेवकाची माडी मोजून बघायला टेप चाळीस रुपयांत मिळतो.

मावशीची न्हाणी आम्ही परत बांधली. नालीपासून दोन हात आत, तिच्या स्वतःच्या अंगणात. तुळईला जुनं लाकूड, वर प्लास्टिक. अंगण निम्मं झालं. पालिकेला अर्ज दिला आहे, नाली झाकून द्या म्हणून. पोच माझ्या खिशात आहे, धक्क्यावरच्या घामानं शाई पसरली आहे, पण तारीख वाचता येते.

दाराला आता टिनाऐवजी फळी लावली. मी म्हटलं, मावशे, फळी कायले? ती म्हणाली, “पुढच्या खेपी नोटीस नीट चिपकली पाहिजे. वाचून घेऊ ना मंग.”